दहा फूट सरकलेली कवटी

२०११च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मायामी शहराजवळ, बिस्केन उपसागरात, पाण्यातून जेमतेम डोकं वर काढलेल्या वाळूच्या एका पट्ट्यावर लोकांना ग्रँड पियानो दिसला. जळून काळा पडलेला. चहूबाजूंनी पाणी, वर आभाळ आणि मधे हा पियानो. फोटो अर्थातच जगभर फिरला. वाहून आला असेल का, कुणी वैतागून सोडून दिला असेल का, कुठल्या सिनेमाचं शूटिंग असेल का, असे तर्क सुरू झाले. काही दिवसांत उलगडा झाला. सोळा वर्षांच्या एका मुलाने इतरांच्या मदतीने तो होडीतून तिथे नेऊन ठेवला होता. त्याला कलाशिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश हवा होता आणि अर्जासोबत काहीतरी वेगळं दाखवायचं होतं. मग सरकारी खात्याने ‘उचला’ म्हणून सांगितलं आणि पियानो उचलला गेला.

उलगडा झाल्यावर बहुतेकांचा त्यातला रस संपला. माझा तिथून सुरू होतो.

कारण अशा फोटोंचा एक मोठा लोंढाच रोज आपल्या हातातल्या स्क्रीनवरून वाहत असतो. कोरड्या तलावाच्या मधोमध खुर्ची. जंगलात बाथटब. नामिबियातल्या कोलमन्सकोप या हिऱ्यांच्या ओस पडलेल्या गावात खोलीभर वाळू आणि त्या वाळूत अर्धं गाडलेलं दार. पडक्या शाळेत एक बाहुली. या फोटोंचं व्याकरण ठरलेलं आहे. जागा रिकामी, वस्तू एकच, माणूस कुठेच नाही, रंग थोडे उतरवलेले. खाली कॅप्शनमध्ये ‘इथे काळ थांबला आहे’ अशा अर्थाचं काहीतरी.

मला हे फोटो आवडतात, हे आधीच सांगून टाकते. अंगठा थांबतो. आणि तो थांबतो ते सौंदर्यापेक्षा एका प्रश्नामुळे: हे इथे कसं आलं? गंमत अशी, की फोटो या प्रश्नावर जगतो आणि उत्तराला मात्र घाबरतो. उत्तर कळलं की जादू गेली, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. या प्रकारातला चांगला फोटो उत्तराकडे जाणारी वाट उघडी ठेवतो. वाईट फोटो ती वाट बुजवतो आणि तिथे हळहळ भरतो. फोटोग्राफरने वस्तू हलवली की नाही हलवली, हा मुद्दा त्यानंतरचा. पण सुरुवात हलवण्यापासूनच करू, कारण सगळ्यात मोठी भांडणं त्यावरून झाली आहेत.

१९३६ सालचा मे महिना. आर्थर रॉथस्टीन हा विशीतला फोटोग्राफर साउथ डकोटा राज्याच्या पेनिंग्टन काउंटीत फिरत होता. तो सरकारी नोकर होता. रीसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाच्या खात्यात रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली फोटोग्राफरांचा एक गट काम करत असे. डोरोथिया लँग आणि वॉकर इव्हान्स ही त्यातली आज जास्त माहीत असलेली नावं. हेच खातं १९३७ मध्ये फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झालं. काम काय, तर मंदी आणि दुष्काळाने मोडलेल्या शेतकऱ्यांची अवस्था देशाला दाखवायची, म्हणजे त्यांच्यावर होणाऱ्या खर्चाला लोकांचा पाठिंबा राहील. फोटो म्हणजे इथे पुरावाही होता आणि प्रचारही. दोन्ही एकाच निगेटिव्हवर.

रॉथस्टीनला माळावर बैलाची एक कवटी सापडली. उन्हाने पांढरीफटक पडलेली. त्याने तिचे बरेच फोटो काढले. कधी ती गवतावर आहे, कधी तडे गेलेल्या जमिनीवर. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर त्याने ती सुमारे दहा फूट सरकवली होती, असं त्याने स्वतःच सांगितलं. पोत आणि सावल्या कशा येतात ते बघत होतो, हे त्याचं स्पष्टीकरण. मला ते पटण्यासारखं वाटतं. कॅमेरा हातात असलेला कुठलाही तरुण माणूस हेच करेल.

वर्तमानपत्रांत गेली ती तडकलेल्या जमिनीवरची फ्रेम. ऑगस्टमध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या रेल्वे दौऱ्यावर निघाले. निवडणुकीचं वर्ष. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहराच्या वर्तमानपत्राने ती कवटी पकडली आणि फोटो बनावट आहे असं छापलं. विरोधी पक्षाच्या बाजूची इतर वर्तमानपत्रंही तुटून पडली. सरकारचा फोटोग्राफर कवटी बरोबर घेऊन फिरतो आणि हवी तिथे ठेवून दुष्काळ तयार करतो, असा सूर लागला. टीकाकारांनी आणखी एक गोष्ट काढली. ती जमीन अल्कली मातीची सपाटी होती, आणि तशी माती बऱ्या पावसाच्या वर्षीही वाळली की तडकते.

आता हे सगळं जरा शांतपणे पाहू. दुष्काळ खोटा नव्हता. १९३६चा उन्हाळा उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत भीषण उन्हाळ्यांपैकी एक होता, पिकं जळाली होती, गुरं मरत होती. दहा फुटांनी त्यात काही फरक पडत नाही. त्यामुळे ‘वस्तू हलवली, म्हणून फोटो खोटा’ हा आरोप मला फार उथळ वाटतो. पण म्हणून फोटो चांगला ठरतो का? कवटी इतकी पांढरी पडायला बराच काळ जावा लागतो. ती त्या वर्षीच्या दुष्काळातली असण्याची शक्यता कमीच. गुरं चरणाऱ्या मुलखात कवटी सापडणं ही साधी गोष्ट. अल्कली जमीन तडकणं हीसुद्धा साधी गोष्ट. दोन साध्या गोष्टी एकमेकींवर ठेवल्या आणि तिसरी, भयंकर गोष्ट तयार झाली. ती तयार व्हायला लागलेलं अंतर दहा फुटांचं.

त्या मालिकेतली मला आवडते ती गवतातली फ्रेम. तिच्यात कवटी जवळजवळ विचित्र वाटतच नाही. एक जनावर कधीतरी मेलं, हाडं राहिली, गवत आहे, मागे जमीन आहे. पाहणाऱ्याला विचारता येतं की हे जनावर कुणाचं, कधी मेलं, गवत इथे आहे तर तिथे का नाही. तडकलेल्या जमिनीवरची फ्रेम असं काही विचारू देत नाही. ती थेट ‘मृत्यू’ म्हणून अंगावर येते. आणि जो फोटो इतक्या पटकन सगळं सांगून टाकतो, तो तितक्याच पटकन उडवूनही लावता येतो. झालं तेच. चर्चा कवटीवर गेली आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ते शेतकरी बाजूला राहिले. या सगळ्या फ्रेम्स आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात ऑनलाइन फुकट पाहायला मिळतात. फोनवर झूम करून एकामागून एक पाहा, कवटी सरकताना दिसते.

हलवण्याचं याहून जुनं प्रकरण म्हणजे रॉजर फेंटनचे तोफगोळे. १८५५चा एप्रिल, क्रिमियातलं युद्ध, सेव्हास्तोपोलला वेढा पडलेला. फेंटन घोडागाडीत डार्करूम थाटून फिरत होता, कारण तेव्हाची काचेची प्लेट ओली असतानाच वापरावी आणि धुवावी लागे. एका उजाड दरीत त्याने कॅमेरा लावला. सैनिक त्या दरीला मृत्यूच्या सावलीची दरी म्हणत. फोटोत माणूस एकही नाही, प्रेत एकही नाही. आहेत ते फक्त दगडांसारखे विखुरलेले लोखंडी गोळे. आणि अशा दोन प्लेट्स आहेत, कॅमेरा एकाच जागी ठेवून काढलेल्या. एकीत रस्ता मोकळा आहे आणि गोळे कडेच्या घळीत आहेत. दुसरीत ते रस्त्यावरही पसरलेले आहेत.

सुझन सोन्टॅगने २००३ साली आलेल्या आपल्या पुस्तकात लिहिलं की फेंटनने गोळे रस्त्यावर पसरवून घेतले. एरल मॉरिस या माहितीपट दिग्दर्शकाला प्रश्न पडला: मोकळ्या रस्त्याचा फोटो आधीचा कशावरून? सैनिक वापरलेले गोळे गोळा करून नेत असत. मग भरलेला रस्ता आधीचा आणि मोकळा नंतरचा, असंही असू शकेल. या एका प्रश्नासाठी हा माणूस क्रिमियात जाऊन ती दरी शोधून आला, तज्ज्ञांना भेटला, सावल्या मोजल्या. (असा वेळ आणि पैसा असणाऱ्यांचा मला मनापासून हेवा वाटतो.) सावल्यांनी दाद दिली नाही. शेवटी उत्तर दिलं ते उतारावरच्या काही बारक्या दगडांनी. रस्त्यावर गोळे असलेल्या फोटोत हे दगड थोडे खाली घसरलेले आहेत. कुणीतरी गोळे उचलायला वर चढलं, पाय लागला, दगड घरंगळले. दगड आपणहून चढ चढत नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधी, भरलेला नंतर. सोन्टॅग बरोबर होती, फक्त तिच्याकडे पुरावा नव्हता.

मला या गोष्टीतले ते दगड सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. फेंटनचं लक्ष गोळ्यांकडे होतं. दीडशे वर्षं पाहणाऱ्यांचंही गोळ्यांकडेच होतं. आणि खरं काय घडलं ते सांगितलं फ्रेममधल्या फालतू वस्तूंनी, ज्यांना कुणी विषय मानलं नव्हतं. आता आपल्या फोनमधला पोर्ट्रेट मोड आठवा. वस्तू धारदार, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर. ओस जागेत सापडलेल्या वस्तूचा फोटो हल्ली सर्रास असा काढला जातो, आणि दिसतोही छान. पण धूसर केलेला भाग म्हणजेच ते दगड. कवटीभोवतीचं गवत तेच, पियानोपर्यंत आलेल्या होडीची खूणही तीच. एका बटणात आपण साक्षीदार घालवतो.

क्रिमियाच्या उत्तरेला, त्याच युक्रेनमध्ये, या फोटोप्रकाराचं तीर्थक्षेत्र आहे: प्रिप्यात. चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या कामगारांसाठी वसवलेलं शहर. २६ एप्रिल १९८६च्या पहाटे चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि २७ तारखेला दुपारी बसगाड्यांतून सुमारे ४९,००० लोकांना बाहेर काढलं गेलं. तीन दिवसांपुरतं सामान घ्या, असं सांगून. तिथला पाळणा १ मे रोजी सुरू व्हायचा होता. ही सगळी माहिती तुम्ही रील्समधून ऐकली असेल, मागे पियानोच्या संथ सुरावटीसह.

२००१ मध्ये रॉबर्ट पॉलिडोरी तिथे मोठा कॅमेरा घेऊन गेला आणि २००३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. बालवाडीतल्या खाटा, खेळणी, वर्गांत उलटीपालटी झालेली बाकं. त्याच्या फोटोंत एकच वस्तू मधोमध नसते. पसारा असतो, भिंतीचे पापुद्रे असतात आणि पसरट, उदासीन उजेड असतो. म्हणून ते मला आजही पाहावेसे वाटतात. त्यानंतर पर्यटन वाढलं. २०१९ मध्ये ती गाजलेली टीव्ही मालिका आली आणि त्या एका वर्षात लाखावर माणसं तिथे गेली. आणि बाहुल्या हलू लागल्या. खिडकीत बसलेली बाहुली. गॅस मास्क घातलेली बाहुली. खाटेवर उशीला टेकवलेली बाहुली. तिथे जाऊन आलेल्या अनेकांनी लिहिलं आहे की यातल्या बऱ्याच वस्तू फोटोग्राफरांनी मांडून ठेवलेल्या असतात. एक जण मांडतो, पुढचा तोच फोटो काढतो, तिसरा तिचा हात जरा वर करून जातो.

रॉथस्टीनबद्दल मी जे म्हटलं ते इथेही लागू नाही का? बाहुली हलवली म्हणून स्फोट खोटा ठरत नाही. बरोबर. पण तिथल्या जमिनीवरचे गॅस मास्क पाहा. सोव्हिएत शाळांत नागरी संरक्षणाचे धडे असत, कवायती असत, आणि त्यासाठी मास्कचा साठा असे. भीती होती ती अमेरिकी हल्ल्याची. प्रत्यक्ष संकट शेजारच्या वीजकेंद्रातून आलं, आणि शहर रिकामं होताना मुलं ते मास्क घालून निघाली नव्हती. ते मास्क साठ्यातून बाहेर येऊन जमिनीवर पसरले ते नंतर, रिकाम्या शहरात वावरणाऱ्या माणसांच्या हातून. चुकीच्या शत्रूसाठी जमवलेला आणि वेळेवर कामी न आलेला साठा, ही त्या मास्कची खरी गोष्ट, आणि ती किती कडू आहे. बाहुलीच्या तोंडावर मास्क चढवला की ती पुसली जाते आणि उरतं फक्त ‘बिचारी मुलं’.

‘काळ थांबला’ हेही खरं नाही. स्फोटानंतरही वीजकेंद्र चालू होतं. शेवटची अणुभट्टी बंद झाली ती डिसेंबर २००० मध्ये. प्रिप्यातचा जलतरण तलाव, ज्याच्या कोरड्या टाकीचे फोटो तुम्ही शंभरदा पाहिले असतील, तो नव्वदच्या दशकातही वापरात होता. साफसफाईसाठी आणलेले लोक तिथे पोहत. म्हणजे ती टाकी १९८६ची साक्ष देत नाही. ती नंतरच्या दहा-बारा वर्षांची साक्ष देते, ज्यांचा फोटो कुणालाच नको असतो, कारण त्यात थरार नाही, फक्त कामाला जाणारी माणसं आहेत.

आणि शहरातून बाहेर गेलेल्या वस्तूंचं काय? स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या चेर्नोबिलवरच्या पुस्तकात एक बाप बोलतो. त्याला आपल्या घराचं दार हवं होतं. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाला दारावर झोपवण्याची रीत. त्याच्या वडिलांना त्याच दारावर ठेवलं होतं. त्याच दारावर मुलांच्या उंचीच्या खुणा कोरलेल्या होत्या, कुठल्या वर्षी किती वाढलं त्याच्या. दोन वर्षांनी तो रात्री मोटरसायकलवरून, जंगलातल्या वाटेने, ते दार घेऊन निघाला. पोलिसांना वाटलं लुटारू आहे. ते मागे लागले. स्वतःच्याच घरचं दार त्याने चोरून आणलं. पुढे त्याची लहान मुलगी गेली, आणि तिलाही त्या दारावर ठेवलं.

हे वाचल्यापासून प्रिप्यातच्या फोटोंत माझी नजर बाहुल्यांवर टिकत नाही. दार नसलेल्या चौकटींवर जाते. त्यातली किती दारं लुटारूंनी नेली, किती साफसफाईत गेली, हे फोटो सांगू शकत नाही. पण चौकट फ्रेममध्ये असेल तर निदान विचारता येतं. बाहुली मधोमध बसवली की चौकट फ्रेमबाहेर जाते.

डेट्रॉइटबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथल्या पडझडीच्या फोटोंवर इतकं लिहिलं गेलं आहे की त्या टीकेचाही आता ढिगारा झाला आहे. एकच फोटो घेते. अँड्र्यू मूरने २०१०च्या पुस्तकात कॅस टेक या शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आहे, तबकडी वितळून ओघळलेली. दालीच्या चित्रातून उचलून लावल्यासारखं. ते कुणी मांडलेलं नाही, हलवलेलं नाही. वस्तू अस्सल, जागा अस्सल. पण शाळा मेली नव्हती. २००५च्या सुमारास ती शेजारीच बांधलेल्या नव्या इमारतीत गेली होती, तिथे मुलं शिकत होती, आजही शिकतात. जुनी इमारत २०११ मध्ये पाडली. कॅमेरा खिडकीकडे वळवला असता तर काय दिसलं असतं, याचा विचार केला की त्या घड्याळाचं वजन निम्मं होतं. इथे वस्तू दहा फूटच काय, एक इंचही सरकवली नाही, आणि तरी फोटो मला रॉथस्टीनच्या कवटीपेक्षा जास्त फसवा वाटतो.

मग चांगला फोटो कोणता? माझं उत्तर रिचर्ड मिसराख. कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी या खाऱ्या तलावाचे त्याने ऐंशीच्या दशकात काढलेले फोटो. त्यातला १९८३चा एक: निश्चल पाण्यात उभा असलेला डायव्हिंग बोर्ड. फिकट आकाश, फिकट पाणी, दोन्हींमधली रेषा जेमतेम दिसते. पाहताक्षणी तो आपल्या फीडमधल्या फोटोंचा आजोबा वाटतो, तेच व्याकरण. फरक हळूहळू कळतो. बोर्ड फ्रेममध्ये मोठा केलेला नाही, पाणी क्षितिजापर्यंत जाऊ दिलेलं आहे, सगळं सारखंच स्पष्ट आहे. ज्यातून उडी मारायची तो तलाव, आणि ज्यात तो तलाव गेला ते पाणी, यांतला फरक शोधायला आपल्याला वेळ लागतो. मग नाव वाचायचं: वस्तू, जागा, साल. बाकी काही नाही. आणि मालिकेचं नाव, ‘द फ्लड’. पूर.

पूर कसला, हे शोधायला गेलं की फोटो आणखी मोठा होतो. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी शेतीसाठी वळवणाऱ्या कालव्याचा बंदोबस्त फुटला आणि १९०७पर्यंत नदी एका कोरड्या खोलगट भागात वाहत राहिली. त्यातून हा ‘समुद्र’ झाला. पन्नास-साठच्या दशकांत काठावर रिसॉर्ट झाले, बोटी आल्या. पुढे पावसाने आणि शेतांतून निथळून येणाऱ्या पाण्याने पातळी चढली आणि रिसॉर्ट बुडाले. म्हणजे त्या पाण्यात बोर्ड जितका उपरा, तितकंच त्या वाळवंटात ते पाणीही उपरं. हे सगळं कळल्यावर फोटोतली जादू गेली का? माझ्यासाठी तरी तिथेच सुरू झाली.

माणसाने अडवलेल्या पाण्यात बुडालेली वस्ती बघायला आपल्याला कॅलिफोर्निया गाठायची गरज नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि ड्रोनचे व्हिडिओ सुरू होतात. संथ गोल फिरणारा कॅमेरा, शिखर, पाणी, शंखनाद. ‘पाण्यातून प्रकट होणारं गूढ मंदिर.’ गूढ काहीही नाही. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. मंदिर किती दिसतंय यावरून धरणात किती उरलंय ते कळतं. ते एक प्रकारचं मोजपट्टीचं काम करतं. ज्या वर्षी रील सगळ्यात सुंदर, त्या वर्षी खालच्या भागात पाण्याची बोंब. हे कॅप्शनमध्ये लिहिलं तर व्ह्यूज कमी होतील असं मला वाटत नाही. उलट लोक दोनदा बघतील.

याच जलाशयाच्या काठाने एका मे महिन्यात मी चालत होते, मंदिरापासून बरीच लांब. गाळ वाळून त्याच्या फरश्या झालेल्या, आणि मधेच जात्याचा खालचा दगड, खुंट्याच्या भोकासकट. आजूबाजूला काही नाही. मी वाकून फोटो काढत होते, तेवढ्यात शेळ्या घेऊन आलेल्या एक आजी थांबल्या.

“काय गं बाई, त्या जात्याचा कसला फोटू काढतीयास?”

मी विचारलं, “आजी, हे न्यायचं राहून गेलं का? जड म्हणून?”

“राहून कशाला जातंय? न्यायचंच नव्हतं. गावात गिरणी आल्याली की. धरणाच्या आदीपासनं दारात पडून व्हतं, कोंबड्या बसायच्या त्याच्यावर.”

“मग काय काय नेलंत?”

“दारं नेली. चौकटी काढून नेल्या, सागवानी व्हत्या. वासं नेलं, पत्रं नेलं. नव्या जागी भिंती न्हवत्या अजून, आन् दारं आदी जाऊन पडली व्हती उन्हात.”

मी तोवर त्या दगडाला घरंगळत आलेलं सगळं दुःख देऊन मोकळी झाले होते: ओव्या, पहाट, हातातल्या बांगड्या. आजींच्या आठवणीत तो कोंबड्यांचा ओटा होता. आणि त्यांचं खरं नुकसान ज्या वस्तूंत होतं, त्या वस्तू त्यांनी बैलगाडीत घालून नेल्या होत्या. इथे त्यांचा फोटो मिळणार नव्हता.

त्या निघाल्या, मग परत वळल्या आणि काठीने दाखवलं. “त्यो पट्टा दिसतोय न्हवं? ती वाट व्हती. शाळंला जायाची.” गाळात आजूबाजूपेक्षा जरा उंच, जरा फिकट अशी एक रेघ होती, वाकडी जाऊन पाण्यात शिरणारी. मी तिचाही फोटो काढला, उभा, सगळं सारखंच स्पष्ट ठेवून. आजींनी तो माझ्या स्क्रीनवर डोळे बारीक करून पाहिला.

“ह्यात काय दिसणार कुनाला,” म्हणाल्या, आणि पाण्याकडे गेलेल्या शेळ्यांना हाका मारत त्या वाटेनेच उतरून गेल्या.